ताजी माती

माझे वडील रागिब वारले; त्यांना आईशेजारी पुरायचं होतं, एवढंच. पण आईची कबर आमच्या जुन्या गावी, पोद्गायला, आणि लढाई थांबल्यापासून पोद्गाय युद्धबंदीच्या रेषेपलीकडे, सर्बांकडे गेलेलं. शांतिसेनेनं परवानगी दिली ती अशी : सहा माणसं, पुढे-मागे चिलखती गाड्या, तीनच्या आत परत. आम्हा बोस्नियाच्या मुसलमानांत बायका दफनाला जात नाहीत. पण रक्ताच्या नात्याची मी एकटीच उरले होते, म्हणून आमच्या होजांनी, म्हणजे इमामांनी, मला कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत येऊ दिलं.

शांतिसेनेच्या कॅप्टननं फाटकाशीच अडवलं. आईच्या कबरीशेजारी लाल-पांढरी फीत ताणलेली होती. सकाळच्या गस्तीला तिथे ताजी उकरलेली माती दिसली होती.

"सुरुंग असेल," त्याची दुभाषी मुलगी म्हणाली. "तपासणारे उद्या येतील. कॅप्टन म्हणतात, आज परत न्या."

"कब्रस्तानात खड्डा म्हणजे कबरच असणार ना," होजा म्हणाले.

"कुणी खणली, विचारतायत."

ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. आमची फावडी अजून गाडीतच होती. परवानगी पुन्हा मिळायला आठवडे लागले असते, तोवर वडील थांबणार नव्हते. ते शहरातल्या परक्या कबरींत जाणार, हे मी मनाशी जवळजवळ मान्य केलं.

रस्त्याच्या कडेला सर्ब गावकरी जमले होते. त्यांच्यातून ओस्तोयाकाका पुढे आले. चाळीस वर्षं आमची त्यांची कुंपणं एक होती.

"मी खणली," ते म्हणाले. "पहाटे, कुणी उठायच्या आत. रागिब येतोय असं कळलं होतं."

कॅप्टननं नकारार्थी मान हलवली. नुसत्या शब्दावर तो फीत काढणार नव्हता.

काका फितीखालून वाकून गेले आणि कबरीत उतरले. छातीपर्यंत आत. तिथे त्यांनी बुटांनी तळ तुडवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"जन्मात वेळेवर आला नाही हा माणूस," ते म्हणाले. "आजही मीच ताटकळायचं."

दुभाषी हसली. कॅप्टनला तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण फीत निघाली.

"बाबा, बाहेर या," रस्त्यावरून त्यांचा थोरला म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. तू हात दे, मला चढवत नाही."

तो जागचा हलला नाही. मी फाटकातून आत गेले आणि हात दिला. होजांनी गाडीतली फावडी मागवली.

माती लोटून झाली तेव्हा रस्त्यावर कुणीच उरलं नव्हतं. त्यांचा मुलगाही नाही.

"तुमच्या घरापुढे काही दिवस पहाऱ्याला गाडी उभी करू का, असं कॅप्टन विचारतायत," दुभाषी काकांना म्हणाली.

मला वाटलं, ते हसून उडवून लावतील. त्यांनी टोपी झटकली, घातली, पुन्हा काढली.

"करा," ते म्हणाले. "मिरचीच्या वाफ्यात घालू नका फक्त."

तीनला दहा कमी असताना आम्ही निघालो. मागच्या काचेतून दिसत होतं : काका एकटे घराकडे चालले होते आणि ती अवजड गाडी त्यांच्या पावलांच्या वेगानं मागून येत होती.