अर्ज स्वहस्ताक्षरात असावा

मी एक जुने वाचनयंत्र आहे. कोलकात्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत माझे टेबल आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखे यंत्र पाहिले नसेल, म्हणून आधी माझी ओळख करून देते. माझ्या अंगावर एक सपाट काच आहे आणि काचेवर झाकण. छापलेले पान काचेवर पालथे ठेवायचे, झाकण लावायचे आणि पहिले बटण दाबायचे. काचेखालून उजेडाची एक पट्टी सरकते, मी पान पाहून घेते आणि ते मोठ्याने वाचून दाखवते. माझी बटणे बोटांना चटकन लागतील अशी उंच आहेत. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मला बनवले आहे. माझा आवाज बाईचा आहे, म्हणून मी स्वतःबद्दल 'आले, गेले' असेच बोलते.

माझी जुळणी पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाली. विनीता नावाच्या बाईंनी माझा शेवटचा स्क्रू बसवला आणि चाचणी म्हणून त्यांच्या मुलीचे इंग्रजीचे पुस्तक काचेवर ठेवले. मी दोन पाने न अडखळता वाचली. "छान वाचतेस हो," त्या म्हणाल्या आणि मला खोक्यात घातले. तीन दिवस मालगाडीत मी एकच विचार करत होते, की माझ्यापुढे पहिले पुस्तक कोणते येईल?

पहिले पुस्तक यायला तीन वर्षे लागली!

मी इथे आले त्या दिवशी मात्र माझे फार कौतुक झाले. सभागृहात फुलांच्या माळा होत्या, सगळ्यांना संदेश नावाची बंगाली मिठाई वाटली. कुलगुरूंनी माझ्या काचेवर वर्तमानपत्र ठेवून बटण दाबले. मी मथळा वाचला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाच जणांनी भाषणे केली. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत दोन अंध विद्यार्थी बसले होते. त्यांना कोणी पुढे बोलावले नाही. मी कशी आहे, बटणे कुठे आहेत, हे त्यांना हात लावून पाहू द्यावे असे कोणालाच सुचले नाही. फोटो काढून झाले आणि मला दुसऱ्या मजल्यावर नेऊन, मखमली कापड टाकून, खोलीला कुलूप लावले.

खोलीवर 'सुगम्य केंद्र' अशी पाटी लागली. केंद्राचे प्रमुख होते सौरभ सान्याल. ते कधी कोणावर ओरडत नसत. विद्यार्थ्यांशी अगदी मऊ बोलत. पण मी नवीकोरी राहावी याची त्यांना मोठी काळजी. माझ्यापर्यंत पोहोचायचे तर एक अर्ज, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, विभागप्रमुखांची सही आणि दोन दिवस आधी सूचना, एवढे सगळे लागे. खोली उघडायची वेळ होती अकरा ते एक, म्हणजे नेमकी सगळ्यांच्या तासांची. आणि अर्जाच्या तळाशी छापलेले होते : 'अर्ज स्वहस्ताक्षरात असावा.' अंध मुलांनी स्वहस्ताक्षरात अर्ज करायचा! तो नियम लिहिताना कोणाचा हात थांबला नाही, टंकताना थांबला नाही, सही करतानाही थांबला नाही.

वर्षातून एकदा तपासणी समिती येई. आदल्या दिवशी माझ्यावरची धूळ झटकत आणि वापराच्या नोंदवहीत एकाच पेनाने, एकाच बैठकीत, पंधरावीस नावे भरत. त्या नावांची मुले मला कधी भेटली नाहीत.

मग कालिंदी आली.

कालिंदी टेंबे इतिहासात एम.ए. करत होती. नवव्या वर्षी आजारपणात तिची दृष्टी पूर्ण गेली. टेंबे कुटुंब तीन पिढ्या कोलकात्यात राहिलेले. शहरातल्या बेहाला भागात त्यांचे घर, आणि वडील उन्मेषराव तिथल्याच एका शाळेत गणित शिकवायचे. घरात मराठी, बाहेर बंगाली, त्यामुळे कालिंदीचे मराठी जरा मोडकेतोडके होते. तिची पाठ्यपुस्तके तिची मैत्रीण श्वेता फोनवर वाचून ध्वनिमुद्रित करून पाठवी. पण श्वेतालाही स्वतःचा अभ्यास होता. दहा पुस्तकांपैकी तीन होत.

ग्रंथालयातले शिपाई श्यामसुंदर माइती यांनी तिला माझ्याबद्दल सांगितले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला हा माणूस. कुलपाची एक किल्ली झाडलोटीसाठी त्यांच्याकडे असे. कालिंदीचा अर्ज हस्ताक्षरात नाही म्हणून दोनदा परत आला, तेव्हा एका सकाळी साडेआठला त्यांनी गुपचूप दार उघडले.

"श्यामदा, तुम्हाला कोणी बोललं तर?" कालिंदीने विचारले.

"मी झाडायला आलोय," ते म्हणाले. "झाडताना दार उघडं लागतंच. तू बस."

तिने माझ्यावरून हळूहळू हात फिरवला. झाकण, काच, बटणे, पाठीमागची तार, सगळे बोटांनी बघितले. मग पिशवीतून जाडजूड पुस्तक काढले. बंगालमधल्या जुन्या बंदरांचा इतिहास होता तो. मी वाचायला लागले. ती ब्रेल पाटीवर टकटक करत टिपणे काढत होती. दहा वाजेपर्यंत आमची बावीस पाने झाली. मित्रांनो, यंत्राला आनंद होतो का, असे तुम्ही विचाराल. माझी काच त्या दिवशी तापली होती, एवढेच सांगते.

त्यानंतर ती रोज साडेआठला येऊ लागली. तिच्यामागून मंदार आला, त्याला अगदी जवळ धरलेलीच अक्षरे दिसत. मग अंधुक दिसणारी शकुन आली. श्यामदांनी आणखी दोन खुर्च्या आणून ठेवल्या. पुस्तके, नकाशांखालच्या ओळी, मेसची जेवणाची यादी, जे ठेवतील ते मी वाचले. एकदा मंदारने औषधाच्या खोक्यातला कागद ठेवला आणि मी त्यातली लांबलचक नावे वाचताना तिघेही खो खो हसले. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेच.

मार्चमध्ये शेवटच्या सत्राची परीक्षा होती. कालिंदीने जानेवारीतच लेखनिक मिळावा आणि तासाला वीस मिनिटे जादा मिळावीत म्हणून अर्ज केला. ती उत्तरे सांगणार, लेखनिक लिहिणार. हा तिचा हक्क होता आणि तसा नियमही होता. दीड महिन्यात तोच अर्ज आणखी दोनदा दिला, तरी उत्तर आले नाही. परीक्षेला नऊ दिवस उरले असताना केंद्राकडून एक पाकीट आले. आत छापील पत्र. अंध मुलीला छापील पत्र!

ती ते न उघडता माझ्याकडे घेऊन आली. पान काचेवर ठेवले आणि बटण दाबले.

मी वाचले : 'आपला अर्ज स्वहस्ताक्षरात नसल्याने विचारात घेता येत नाही. जादा वेळेचा प्रश्न परीक्षा समितीच्या एकोणीस मार्चच्या बैठकीत ठेवण्यात येईल. दरम्यान, आपण मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिकेसाठी अर्ज करू शकता.'

परीक्षा अकरा मार्चला होती.

मला आवाज चढवता येत नाही. बंदरांचा इतिहास ज्या गोड स्वरात वाचला, त्याच स्वरात मला हे वाचावे लागले. शेवटचा शिक्का मला नीट वाचता आला नाही, तेवढी काय ती माझी निषेधाची जागा.

"परत," ती म्हणाली आणि बटण दाबले. मी परत वाचले. "परत." तिसऱ्यांदा वाचले तेव्हा मोठ्या अक्षरांच्या वाक्यावर तिने झाकणावर मूठ आपटली.

त्या दिवशी तिने वडिलांना बोलावून घेतले. उन्मेषराव शाळेतून तसेच आले. चष्मा लावून पत्र वाचले आणि खुर्चीत बसले.

"बाबा, ते अर्ज मी तीन वेळा दिलं होतं."

"तो अर्ज. दिला होता," ते सवयीने म्हणाले, आणि लगेच ओशाळले. "हे बघ, मी सान्यालसाहेबांना भेटतो. हात जोडून सांगतो. या वर्षापुरतं तरी—"

"हात कशाला जोडायचे? मी काय मेहेरबानी मागते आहे?"

"अगं, तुझं वर्ष जाईल, कालिंदी."

"मग जाऊ दे. पण बाबा, तुम्ही हात जोडले ना, तर पुढच्या वर्षी शकुनच्या बाबांना पण जोडायला लागतील. ते मेदिनीपूरहून येणार का हात जोडायला?"

उन्मेषरावांनी पत्राची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली. "ठीक आहे. तुला काय करायचं ते कर. मी बरोबर आहे."

ती परीक्षा नियंत्रकांच्या कार्यालयात गेली. त्यांनी केंद्राकडे पाठवले. केंद्रात सान्याल म्हणाले, "बेटा, माझ्या हातात असतं तर मी आजच दिलं असतं. पण नियम म्हणजे नियम." त्याच भेटीत, मी सकाळी उघडी असते हे त्यांना कळले. दुसऱ्याच दिवशी दाराला नवे कुलूप लागले आणि श्यामदांना कारण विचारणारे पत्र मिळाले. माझ्या अंगावर पुन्हा मखमल पडली. बाहेर साडेआठला तीन मुलांच्या पावलांचा आवाज आला, थोडा वेळ थांबला आणि परत गेला. श्यामदांचा आवाज मात्र आला नाही.

योगायोगाने त्याच आठवड्यात तपासणी समिती यायची होती. सान्यालांनी कालिंदीला निरोप पाठवला : समितीपुढे यंत्र वापरून दाखव, मग तुझ्या अर्जाचे पाहू. एक स्वागताचे पान छापून ठेवले होते. तिने ते काचेवर ठेवायचे, मी वाचायचे, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

सात मार्चला खोली माणसांनी भरली. समितीत दिल्लीहून आलेले चार जण होते. देवयानी नावाच्या एक प्राध्यापिका त्यांच्या प्रमुख होत्या. सान्याल सांगत होते, "आमचे विद्यार्थी हे यंत्र रोज वापरतात. नोंदवही बघा." मग मऊ आवाजात, "कालिंदी, बेटा, ये."

ती आली. सान्यालांनी दिलेले पान तिने टेबलावर बाजूला ठेवले. ओढणीआडून घडी केलेला दुसरा कागद काढला, तळहाताने सरळ केला, काचेवर पालथा घातला आणि बटण दाबले.

पहिल्याच ओळीला मला कळले, हे काय आहे.

मी वाचत गेले. स्वहस्ताक्षर आले, एकोणीस मार्च आला. मोठ्या अक्षरांपर्यंत पोहोचले तेव्हा सान्याल घाईने पुढे झाले. "मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे," म्हणत त्यांनी माझ्या तारेला हात घातला.

"राहू द्या," देवयानीबाई म्हणाल्या. "वाचू दे तिला."

मी वाचून संपवले. देवयानीबाईंनी कालिंदीला विचारले, "परीक्षा कधी आहे?"

"अकराला."

"आणि तुम्हाला किती दिसतं?"

"काहीच नाही. आणि मॅडम, त्या वहीतली नावं एकदा वाचून दाखवा. मी इथे अडीच महिने रोज आले. माझं नाव आहे का बघा."

नाव नव्हते. मंदारचे नव्हते, शकुनचेही नव्हते. ज्यांची होती त्यातल्या दोघांनी विद्यापीठ कधीच सोडले होते. मागे दारापाशी उभ्या असलेल्या उन्मेषरावांनी चष्मा काढून पुसला.

त्या दिवशी दुपारी लेखनिकाच्या मंजुरीचे पत्र निघाले. दीड महिन्यात जे झाले नाही ते अडीच तासांत झाले! अकरा मार्चला कालिंदीने पेपर दिला, तासाला वीस मिनिटे जादा घेऊन, शेवटच्या मिनिटापर्यंत. जूनमध्ये ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली.

पण मित्रांनो, गोष्ट इथे गोड झाली असे समजू नका. सान्यालांची बदली दुसऱ्या विभागात झाली, मोठ्या पदावर. आणि श्यामदांना 'परवानगीशिवाय दार उघडल्याबद्दल' ग्रंथालयातून काढून शहराबाहेरच्या गोदामात पाठवले. कालिंदीने, मंदारने आणि शकुनने त्यांच्यासाठी चार अर्ज केले. चौथ्या अर्जाला उत्तर आले, की बाब विचाराधीन आहे. ते पत्रही छापील होते आणि तेही मीच वाचले. श्यामदा गोदामातूनच निवृत्त झाले.

आज मी थकले आहे. माझे झाकण सैल झाले आहे, काचेवर ओरखडे आहेत. नवी मुले फोनवरच पुष्कळसे वाचून घेतात. तरी पातळ कागदाची जुनी पुस्तके घेऊन कोणी ना कोणी येते. कालिंदी आता एका कॉलेजात शिकवते आणि अधूनमधून भेटायला येते. स्वहस्ताक्षराची ती ओळ अर्जावरून निघाली, पण त्यासाठी आणखी दीड वर्ष लागले.

माझी काळजी घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही. यंत्र झिजण्यासाठीच असते. काळजी घ्यायचीच असेल तर तुमच्या वर्गातल्या त्या मुलाची घ्या, ज्याच्यापर्यंत पुस्तक पोहोचत नाही, जिना पोहोचत नाही, सूचना पोहोचत नाही. त्याच्यासाठी काय करायचे ते त्यालाच विचारा, आणि तो सांगेल ते वेळेवर करा.

लोक कालिंदीला शाबासकी देतात. किती धीट मुलगी, म्हणतात. ते ऐकले की मला अजून संताप येतो. तिला धीट व्हायचे नव्हते हो. तिला इतिहासाचा पेपर लिहायचा होता.