वाऱ्यात टिकणारा स्टोव्ह

पाठीवर सामान घेऊन पचमढीचे डोंगर पायी हिंडायचे, तेही बायकाबायकांनी, ही कल्पना भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेतल्या पी.टी.च्या शकुंतला खरे बाईंची. बाई धरून आम्ही पाच जणी तयार झालो. तंबू, शिधा, औषधं अशी कामं वाटली गेली आणि स्टोव्ह व विस्तव माझ्याकडे आला. डिसेंबरच्या थंडीत गरम चहा-खिचडीशिवाय जंगलात निभाव लागणार नाही, म्हणून बाईंनी बजावलं, "विजया, शनिवारी संध्याकाळी वाऱ्यात पाणी उकळून दाखव. नाहीतर सगळ्यांची तिकिटं परत करू."

लग्नानंतर मी ग्वाल्हेरचं माहेर आणि नागपूरचं सासर यांपलीकडे कुठे गेलेच नव्हते. मला इतका आनंद झाला होता, की पिपलानीच्या बाजारात भाजी घेतानाही मी पाठीवर ओझं असल्यासारखी चालून बघत होते.

पण घरातच घोडं पेंड खाऊ लागलं. आमचे हे, अरविंदराव, कारखान्यात तपासनीस. तिथे सुट्या भागांत केसाएवढी खोट सापडली तरी 'रिजेक्ट' म्हणायचं, हे त्यांचं काम. ती सवय घरीही सुटत नसे. माझ्या स्टोव्हची तपासणी त्यांनी आपणहून अंगावर घेतली आणि व्हरांड्यात मोठा पंखा आणून लावला.

घरचा पितळी पंपाचा स्टोव्ह त्यांनी नुसता हातात तोलला. "हा पाठीवर? रिजेक्ट."

वातीचा हलका होता, पण पंख्यासमोर त्याने क्षणात मान टाकली. मग मी बसने जुन्या भोपाळात गेले. फौजेचा जुना माल विकणारा दुकानदार म्हणाला, "बहनजी, ये फौजी चूल्हा है. आँधी में भी जलेगा." पत्र्याची घडीची चूल, आत जाळायला पांढऱ्या वड्या. खरंच जळली. पण दोन वड्या संपल्या तरी पाणी कोमटच. हे म्हणाले, "रिजेक्ट." इथे मात्र ह्यांचं बरोबर होतं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागलं.

विस्तव पेटवण्याचं मी कुणाला विचारलं नाही. कापूर उडून जातो, म्हणून देवाच्या फुलवाती वितळलेल्या मेणात बुडवून वाळवल्या. सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. त्या पेटल्या की ओलं लाकूडही धरतं. काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळली. ह्यांनी एक फुलवात बादलीत भिजवली, पुसली, पेटवली. ती झकास जळली. तरी म्हणाले, "वास येतो." मी हात जोडले.

शेवटी जवळच्या सोनागिरीच्या बाजारात एक छोटा पंपाचा स्टोव्ह मिळाला. त्याचे पाय दुमडता येत होते. वनस्पती तुपाचा डबा कापून मी त्याला वाऱ्याचा आडोसा केला.

शनिवारी व्हरांड्यात खरे बाई आल्या, शेजारची मंदाकिनी आली, बाकीच्या दोघी आल्या. पंखा पूर्ण वेगात. मी फुलवात ठेवून बर्नर तापवला, पंप मारला, आणि निळी ज्योत अशी घुमायला लागली की माझ्याच अंगावर काटा आला. पातेल्यातलं पाणी आधी कुजबुजलं, मग खदखदा उकळलं. मंदाकिनी टाळ्या पिटत म्हणाली, "क्या बात है, विजयाताई. आता तर पचमढी पक्की."

ह्यांनी स्टोव्हभोवती एक फेरी मारली. "पिन वाकडी आहे. रिजेक्ट."

माझं डोकंच फिरलं. मी स्टोव्ह विझवला आणि म्हटलं, "मग तुम्हीच पेटवून दाखवा. काय अडतंय ते आम्हालाही दिसू दे."

ते खाली बसले. पंप धरला, सोडला, किल्ली उलटी फिरवली. रॉकेल भुर्रकन उडालं. बारा वर्षं असल्याच स्टोव्हवरचा चहा पीत आलेल्या माणसाला तो पेटवता येत नव्हता. कुणी हसलं नाही. मान वर न करता ते हळूच म्हणाले, "पाच दिवस तू नसलीस तर मी काय करू? मला ह्या घरातलं काहीच येत नाही."

चार बायकांसमोर हे बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला कळलं. मी विरघळले. पण घरी राहण्याइतकी नाही.

"या इकडे," म्हटलं. त्यांचा हात धरून मी पंप मारायला लावला. खरे बाई घड्याळ बघत थांबल्या. तिसऱ्या खेपेला ज्योत लागली आणि ह्यांचा चेहरा फुलला; माझ्याकडे बघून त्यांनी होकाराची मान हलवली. बाई म्हणाल्या, "सकाळी स्टेशनवर वेळेवर या."

सकाळी हे पोचवायला आले. माझी सॅक डब्यात चढवली, पट्टे ओढून बघितले, चक्क नाव ठेवलं नाही. शिट्टी झाली तशी खिडकीपाशी धावत आले.

"अगं, भाताला पाणी किती?"

"दुप्पट."

"आणि चुकला तर?"

"चुकला तर तोच खा," मी म्हटलं.

गाडी हलली. डब्यात मंदाकिनी पोट धरून हसत होती, आणि मला पुढच्या डोंगरांची इतकी घाई झाली होती, की मी मागे वळून हात हलवायचंही विसरले.