भिंतीवरची पिल्लं

मेरानिया सकाळीच आली ती पावसाळी बूट दारात काढून थेट मागच्या अंगणात. सोबत ओल्या शेवाळ्याने भरलेली बादली होती. नोलाबाई आदल्या दिवसापासून हीच घडी टाळत होत्या. महिन्याभरात घर विकून मुलाकडे राहायला जायचं होतं; बाकी सगळं वाटून झालं होतं, राहिला होता तो आईचा नेचा.

ओढ्याकाठच्या रानातला होता तो. एकोणिसशे बावन्न साली वडिलांनी गायींच्या कुरणासाठी ते रान तोडलं, तेव्हा आईने बिस्किटांच्या डब्यात घालून एक गड्डा घरी आणला. वडील म्हणाले होते, "रानच राहिलं नाही, हा एकटा काय करणार?" अंगणातल्या सावलीत, पोंगाच्या, म्हणजे झाडासारख्या उंच वाढणाऱ्या नेच्याच्या, वाळल्या खोडांच्या भिंतीशी आईने तो लावला. पानापानांवर इवल्या रोपांची पिल्लं धरायची, पान वाकलं की खाली मातीत रुजायची. आता त्याच ओढ्याकाठी मेरानियाची माणसं पुन्हा रान उभं करत होती.

"हाच का तो, मावशी?" मेरानिया गुडघ्यांवर बसली. "किती पसरलाय! पण एक विचारते. बाजारात मिळतो तो याचा संकर असतो. दिसायला अगदी असाच, पिल्लंही धरतो, पण बीजाणू मात्र पोकळ, त्यांतून नवं रोप येत नाही. तो आम्ही रानात लावत नाही. हा आईंचाच ना?"

नोलाबाईंच्या जिभेवर 'हो' होतं. एवढं म्हटलं की आईचा गड्डा आपल्या जागी परत गेला असता. पण खोटं बोलून?

"शहाऐंशीच्या उन्हाळ्यात निम्मा जळाला," त्या म्हणाल्या. "मी पाणी घालायचं विसरले. आईला कळू नये म्हणून बाजारातून दोन रोपं आणून मोकळ्या जागेत लावली. पुढं सगळं एक झालं. आता कोण कुठला, मलाच ओळखता येत नाही."

"आईंना कळलं नाही?"

"कळलं असेल. ती म्हणाली, बाई गं, नेचा एकदम तरुण झाला!"

मेरानियाला हसू फुटलं, पण नोलाबाई हसल्या नाहीत. "नको नेऊस मग. रानात सोंग कशाला?"

मेरानिया शेवाळ्याची बादली तशीच उचलून उभी राहिली आणि तिथेच थबकली. "मावशी, या भिंतीवर कोण आलंय?"

खांद्याएवढ्या उंचीवर, पोंगाच्या काळ्या तंतूंत, नखाएवढी हिरवी पानं फुटली होती. काही बोटभर वाढली होती.

"ती होय? घाण ती! दर नाताळाआधी ब्रशने खरवडून टाकते मी. गेली दोन वर्षं माकडहाड मोडल्यापासून राहिलं. तू काय घराची स्वच्छता तपासायला आलीस?"

"पानावरची पिल्लं खाली पडतात, मावशी. वर कशी चढतील?" मेरानियाने एक बोटभर रोप नाजूकपणे वाकवून पाहिलं. "ही उडालेल्या बीजाणूंतून आलीत. संकराला हे जमत नाही. आणि इथून दहा मैलांत दुसरं रान कुठंय?"

नोलाबाई भिंतीजवळ सरकल्या. तीस वर्षं! दर डिसेंबरात, पाहुण्यांना भिंत चकचकीत दिसावी म्हणून, त्यांनी स्वतःच्या हाताने काय काय खरवडलं होतं! आई खिडकीतून बघायची. एकदा म्हणाली होती, "राहू दे की गं, काय खातंय तुझं?" त्यांनी ते आळशीपणा समजून सोडून दिलं होतं.

"खालचा गड्डा नको," मेरानिया म्हणाली. "वरचीच नेऊ. सोळा आहेत."

"सतरा," नोलाबाई म्हणाल्या. त्यांनी हात उंचावून, कोपऱ्यातल्या तंतूंत लपलेलं एक दाखवलं. मग स्वयंपाकघरातून लोणी लावायची बोथट सुरी आणली. पहिलं रोप तंतूंसकट त्यांनी स्वतः सोडवलं आणि शेवाळ्यावर ठेवलं.

"हे ओढ्याच्या वरच्या वळणावर लाव," त्या म्हणाल्या. "तिथूनच आईने गड्डा बिस्किटांच्या डब्यात भरला होता. मी डबा धरून उभी होते."