चहाआधीची सहा मिनिटं

बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शन करून आले की मी रोज एक नियम घेते. कधी तूप सोडते, कधी दुपारपर्यंत मौन. या भाद्रपदात मात्र महिनाभरासाठी एकच नियम घेतला. अनुजानं पाठवलेलं ते सहा मिनिटांचं वाजवणं पूर्ण ऐकल्याशिवाय चहा घ्यायचा नाही.

अनुजा माझी लेक. बर्लिनला जॅझच्या बँडमध्ये असते. माणसाएवढं मोठं, व्हायोलिनसारखं दिसणारं वाद्य उभ्यानं वाजवते. वर्षापूर्वी "आमचा बँड" म्हणून तिनं हे पाठवलं, तेव्हा मी म्हणाले होते, "यात गाणं कुठं आहे गं?" त्यानंतर तिनं काही पाठवलं नाही. फोनवर हवा, जेवण, तब्येत, झालं. तिच्या कामाविषयी आपल्याला एक तरी धड वाक्य बोलता आलं तर ती पुन्हा पाठवील, एवढंच माझ्या मनात होतं.

पहिले आठ दिवस डोकं दुखलं. ट्रम्पेटवाला चाल सोडून भलतीकडंच जायचा आणि भजनात धृपदाची बघावी तशी मी तो परत यायची वाट बघत बसायची. शेजारच्या शालूबाई दारातून म्हणाल्या, "वैनी, मिक्सरात खडा अडकलाय व्हय?"

"अनुजाचा बँड आहे."

"मग लगीन कवा हाय?"

विसाव्या दिवशी मी वाट बघणं सोडलं, तेव्हा त्या मोठ्या वाद्याचा खालच्या पट्टीतला आवाज ऐकू आला. कुणी अनवाणी जिना उतरावा तसा. बाकीचे मनाला येईल तिकडं जात होते, हा आपला चालत होता. मधेच थांबायचा, दुसऱ्याला जागा द्यायचा. माझी लेक अशी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

रविवारी फोन आल्यावर तिला सांगितलं, "तू मधे थांबतेस ना, तिथं फार बरं वाटतं."



"आई, त्यात मी नाहीये. तेव्हा मनगट दुखावलेलं. माझ्या जागी दुसरा होता."

"मनगट? कधी?"

"झालं आता बरं. पण तो थांबतो ते तुला कसं कळलं?"

"रोज ऐकते. ऐकल्याशिवाय चहा नाही, असा नियम घेतलाय."

"माझ्यासाठी चहा-बिहा सोडू नकोस गं."

"तुझं पाठव की."

"बघते."

भाद्रपद संपून तीन आठवडे झाले. काही आलं नाही. आता मी आधी चहा घेते आणि मग त्या अनोळखी माणसाला लावते. आवडतो तो मला. पण तिथं अनुजाचा हात कसा पडला असता, हे काही केल्या ऐकू येत नाही.