ही पोर येते कशाला?

मेडिकल कॉलेजच्या पोरांनी लिंबागणेशातली घरं दत्तक घेतली. म्हणजे प्रत्येकानं आपापल्या घरांची तब्येत बघायची. माझ्या वाट्याला अलिना आली, बीडच्या एका मेकॅनिकची पोरगी. या वयात मला कुणी दत्तक घ्यावं, याचंच हसू आलं होतं. पण बाकीची पोरं फोटो काढून गायब झाली आणि ही मात्र दर महिन्याला एसटीनं हजर. तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बीपी बघून झालं की निघावं ना? ही बसून राहायची आणि आमच्या ह्यांच्याबद्दल विचारायची. काय खायचे, कुणावर चिडायचे. मेलेल्या माणसाची एवढी चौकशी कशाला?

ह्यांनी मला न विचारता देहदानाच्या कागदावर सही केली होती. गेले त्या दिवशी त्याच कॉलेजची गाडी आली आणि घेऊन गेली. ना अग्नी, ना राख. गावात कुजबुज होतीच, की कॉलेजवाले आतलं विकतात आणि उरलेलं फेकून देतात. मी वरवर झिडकारायची, पण ते मनातून जात नव्हतं. ही पोर माझं तोंड बंद ठेवायलाच पाठवलेली, असं मी धरून चालले.

परवा बोलता बोलता ती म्हणाली, आजोबांचा डावा अंगठा वाकडा होता ना. घरातला फोटो तर छातीपर्यंतचाच आहे. मी तिच्या हातातलं बीपीचं मशीन काढून बाजूला ठेवलं.

“तुला कसं ठाऊक गं?”

ती पांढरीफटक पडली. मग सांगू लागली. पहिल्या वर्षी देहाला सुरी लावायची वेळ आली आणि हिचा हात उठेना. कॉलेज सोडायचं म्हणून बॅगही भरली होती. तेवढ्यात टेबलावरच्या हातावर ह्यांचं नाव-गाव गोंदलेलं दिसलं: भगवान, लिंबागणेश. देह कुणाचा ते शोधायचं नसतं म्हणे. तरी हिनं शोधलं आणि घरं वाटताना आमचंच मागून घेतलं.

“त्यांनी सगळंच देऊन टाकलं होतं, आजी. मग मी पळून कशी जाणार?”

मी इतके दिवस गिळलेलं विचारलं. “फेकून दिलं का त्यांला?”

“नाही. हाडं जपून ठेवलीत. अजून पोरं त्यांच्यावरच शिकतात.”

मी हात पुढं केला. “कुठून कापलंस, दाखव.”

तिनं माझ्या मनगटापासून वर बोट फिरवलं. ह्यांच्या हातावर नाव होतं त्या जागी बोट बाजूनं वळवलं. ह्यांच्या मागं मला रडू आलंच नव्हतं, नुसता राग होता. ते आता आलं. तिनं घाबरून हात मागं घेतला.

“थांबू नगं,” मी म्हणाले. “पुढं काय शिकलीस, ते सांग.”