वाशावरची पेंढी

मार्सलीन रोसलेच्या कोठारात वाशाला एक पेंढी टांगलेली होती आणि तिला कुणी हात लावायचा नाही, असा त्या घरचा नियम होता. नियम केला मार्सलीननेच, नवरा गेल्यावर. आता घरात तिच्याशिवाय हात लावायला होतं तरी कोण म्हणा! येऊन जाऊन एक नणंद, शेजारीच राहणारी ओदेत. पण ओदेतची जीभ पोचत नाही असं ठिकाण अख्ख्या खोऱ्यात नव्हतं.

मार्सलीन बड्या लोकांच्या घड्याळांसाठी काडाच्या तबकड्या करायची. राय नावाच्या धान्याचं एकेक काड नखाने चिरायचं, हाडाच्या पट्टीने घासून सपाट करायचं, त्याच्या बारीक फिती कापायच्या आणि शेजारी शेजारी चिकटवायच्या. रोगण नाही, काही नाही. मनगट हललं की उजेड त्या फितींवरून सरकतो आणि बघणाऱ्याला वाटतं, आत सोनंच बसवलंय.

ती झळाळी फुकट येत नाही. त्यासाठी काड दाणा भरायच्या आत कापावं लागतं, तेही विळ्याने. यंत्रातून गेलं की चेंगरलंच. ते काम नवऱ्याचं, तेओफिलचं. शेत त्याचं, काड तिचं, अशी सरळ वाटणी होती. ओंब्या छाटलेलं स्वच्छ काड तो तिच्या टेबलाशी आणून ठेवायचा. शेतात काय चाललंय हे ती विचारायची नाही आणि तिच्या टेबलाला तो बोट लावायचा नाही. उभा संसार असाच झाला आणि बरा झाला.

गेल्या वर्षी तेओफिलच्या छातीचं दुखणं बळावलं. तरी काड त्याने वेळेवर कापून दिलं. मग महिन्याभराने, धड उभं राहवत नसताना, हा बाबा पुन्हा विळा घेऊन शेतात! परतला तो जुन्या चादरीत गुंडाळलेली एक पेंढी घेऊन, आणि धापा टाकत शिडीवर चढून त्याने ती वाशाला टांगली.

मार्सलीन कडाडली होती, "स्वतःच्या जिवावर उठलायस का? काड ढीगभर पडलंय घरात!"

तो खोकला आणि म्हणाला, "असू दे."

काही दिवसांतच तो गेला. पेरणी राहिली ती राहिलीच. शेतात ओदेतच्या गाई चरू लागल्या.

आता वर्ष उलटलं होतं. घरातलं काड संपलं, म्हणून मार्सलीनने बाहेरून मागवलं आणि त्याची एक तबकडी करून पाठवली. सकाळी ल लोक्ल गावातल्या घड्याळांच्या कारखान्यातून सोलांजचा फोन आला. तबकड्यांचं सगळं तीच बघायची.

"मादाम रोसले, हात तुमचाच आहे, पण चमक मेलीय हो."

"दिसतंय मला."

"तुमचं नेहमीचं काड अजिबात उरलं नाही?"

मार्सलीनची नजर खिडकीतून कोठाराकडे गेली. "नाही," ती म्हणाली.

"मग आम्हाला दगडाच्या तबकड्यांकडे वळावं लागेल. फार वाईट वाटतंय मला."

मार्सलीनने फोन ठेवला. आयुष्यभर एकच काम केलेल्या बाईचं काम गेलं, आणि ते तिने स्वतःच्या तोंडाने घालवलं. समोर ओदेत कॉफीत पाव बुडवत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"नाही म्हणे! मग वर टांगलंय ते काय, झुंबर?"

"ओदेत, तो विषय नको."

"का नको? उंदरांना घालण्यापेक्षा माझ्या गाईंना घाल."

"त्याच्या हातचं शेवटचं आहे गं ते. एकदा चिरलं की संपलं. मग माझ्याकडे त्याचं काय उरतं?"

ओदेतने हातातला पाव बशीत ठेवला. मग अंडी आणायच्या निमित्ताने उठून कोठारात गेली. लगेच तिची हाक आली, "मार्सलीन! धाव, धाव!"

पेंढीखाली जमिनीवर भुसा सांडला होता. चादरीला मुठीएवढं भोक पडलं होतं. मार्सलीनने शिडी लावली, पेंढी उतरवली आणि दोरी सोडली.

आत ओंब्या होत्या. काही उंदरांनी पोखरलेल्या, काही भरलेल्या. काड राखाडी, डाग पडलेलं, नख लावताच तडकणारं. तबकडीच्या कामाचं एकही नाही.

"हे काय कापलंय यानं?" मार्सलीन रडवेली झाली. "पार पिकून गेलेलं! वर्षभर मी हे उराशी धरून बसले होते?"

ओदेत जवळ येऊन बसली. एक ओंबी तळहातावर चोळून तिने फुंकर मारली. टपोरे दाणे उरले.

"अगं बाई, हे काड नाही. हे बियाणं आहे, घरच्या जुन्या वाणाचं; विकत मिळत नाही ते. दरवर्षी एक कोपरा पिकायला ठेवायचा तो. आमचे वडीलही ठेवायचे."

"मला कधी बोलला नाही."

"तू कधी विचारलंस?"

मार्सलीनने ते दाणे स्वतःच्या तळहातावर घेतले. स्वतःला पेरायला मिळणार नाही हे तेओफिलला तेव्हाच कळलं असणार.

दोघींनी मिळून ओंब्या चोळल्या, पाखडल्या. उंदरांच्या तावडीतून वाडगाभर दाणे वाचले होते.

"एवढ्यात काय होणार?" मार्सलीनने विचारलं.

"एक वाफा. पेरणीचे दिवस हेच आहेत, मी गाई हलवते. पण ऐक, पुढच्या वर्षीचं सगळं बियाण्यालाच ठेवावं लागेल. तुला एक काड मिळायचं नाही."

"मग त्याच्या पुढच्या वर्षी. सोलांजला तसं सांगते."

"आणि ती नाही थांबली तर?"

"मी थांबेन."

वाडगा घेऊन ती शेतात उतरली. "कोपरा कुठला ठेवायचा तो?"

"त्या दगडी कुंपणाकडचा. तुझ्या खिडकीतून दिसत नाही तो."

मार्सलीन तिथे जाऊन उभी राहिली. मागे वळून पाहिलं, तर खरंच खिडकी दिसत नव्हती.

"तेओ, अरे एका शब्दाने सांगायचंस की रे!" ती मोठ्याने म्हणाली. "मी ओरडले तुला, तरी सांगितलं नाहीस."

ओदेत गाई हाकायचं सोडून पाठमोरी उभी राहिली. मार्सलीनने मूठ भरली आणि त्या कोपऱ्यापासून पेरायला सुरुवात केली.