नलूचं दातवण

शिमग्याला काळूराम मुंबईहून घरी आला, तेव्हा त्याने बायकोसाठी खणाबरोबर एक मऊ पत्र्याची नळी आणली. तिकडे तो एका औषधाच्या दुकानात कामाला होता. टोपण फिरवून त्याने नलूच्या बोटावर थोडा पांढरा लगदा काढला.

"खायचं न्हाय हां. यानं दात घासायचे. पाडवा झाला की मला खोली मिळतेय, मग तुला न्यायला येतो. आमच्या चाळीतल्या बायांचे दात बघशील, कसे लखलखीत."

"आणि माझे?"

"तुझे हायत ते झ्याक हायत. ते काळं दातवण तेवढं लावू नको."

नलू नागावची. माहेरी ती सुपारीच्या सालांची राखुंडी लावायची. श्रीवर्धनला सासरी नांदायला येऊन तिला महिनासुद्धा झाला नव्हता, म्हणून दात अजून पांढरे होते. एरवी लग्न झालेल्या बाईने दात काळे करायचे, ही त्या वेळची रीत. हिरडा, मायफळ आणि हिराकस कुटून केलेलं दातवण दातांवर बसवलं की ते जांभळासारखे काळेभोर होत. कुंकू आणि बांगड्या तसेच काळे दात. सवाष्णीचं लेणंच ते. नवरा गेला की दातवण सुटायचं आणि दात हळूहळू पांढरे पडायचे.

नलूची सासू गोदूबाई यांचे दात असेच पांढरे पडलेले होते.

काळूराम परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीपाशी नलूच्या तोंडाला फेस आलेला गोदूबाईंनी पाहिला.

"काय गं ते?"

"यांनी दिलंय, आत्याबाई. दातवण नको म्हनाले."

गोदूबाई तशाच वळून सुपाऱ्या सोलायला बसल्या. शेजारच्या सोनाबाईंना मात्र गप्प बसवेना.

"गोदू, सून म्हणून मड्डम आणलीस की. झगा कधी शिवतेस?"

त्या दिवसापासून गोदूबाईंचं जेवणात लक्ष राहिलं नाही. बंदरावर आगबोटीचा भोंगा झाला की हातातली सुपारी टाकून उठत आणि कोणी काळूरामची काही वाईट बातमी घेऊन येतंय का, ते कुंपणाशी उभ्या राहून बघत. कोणी आलं नाही म्हणजे सुटल्यासारख्या परत येऊन बसत. नलूला ते बघवेना.

"आत्याबाई, माझा राग आला का?"

"राग कशाचा? भ्या वाटतं." गोदूबाई खालच्या आवाजात बोलू लागल्या. "तुझे मामंजी गेले नि दातवण सुटलं. तांब्यातल्या पाण्यात रोज बघायची, काळं किती उरलंय. शेवटचा डाग इथं, दाढेपाशी होता. तो जाऊ नये म्हणून त्या बाजूला राखुंडी लावायची न्हाय मी. तरी एके दिवशी गेलाच. तेव्हा वाटलं, आता हे खरे गेले. आणि तू आपण होऊन दात पांढरे करत बसतेस."

मामंजी गेले तेव्हा तर तुमचे दात काळेच होते, असं नलूच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं. चाळीतल्या त्या लखलखीत दातांच्या बाया तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेल्या, त्यांच्यात आपण काळे दात लपवत तोंड मिटून उभी. नवऱ्याचं उतरलेलं तोंडही दिसलं.

"सोनाबाईंना बोलवा," ती म्हणाली. "आजच बसवू दे दातवण."

"आणि त्यो?"

"त्यांना मी सांगेन."

पहिलं दातवण सवाष्णीच्या हातचं लागतं. सोनाबाई हौसेने आल्या. ओटीवर नलूला पुढ्यात बसवून त्यांनी दातवण चिमटीत घेतलं आणि तिची हनुवटी धरली. गोदूबाई रीतीप्रमाणे लांब, दाराच्या आत उभ्या होत्या. तिथूनच त्या नलूकडे बघत राहिल्या. पोरीने डोळे गच्च मिटून तोंड उघडलं होतं.

"थांब, सोना."

"आता काय झालं?"

"हे गेले तेव्हा माझे काळेच होते की." आपलंच बोलणं नव्याने ऐकत असल्यासारख्या त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "तुला हे सुचलं नव्हतं?"

नलूने मान खाली घातली. "सुचलं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

गोदूबाईंनी पदराने डोळे पुसले.

"मग मी काय बोटं काळी करायला आले व्हय?" सोनाबाई म्हणाल्या.

"चहा घेऊन जा. चहासाठीच येतेस." गोदूबाई सुनेला म्हणाल्या, "घास तुझं ते फेसाचं. पण बांगड्या हातभर घालायच्या हां. मुंबईत बाया दोन-दोनच घालतात म्हणे. तसं कानावर आलं तर आगबोटीत बसून तिथं येईन मी."

"या की. खरंच या."

"मला बोट लागते," गोदूबाई म्हणाल्या, आणि पाडव्याच्या आत कासार गावात कधी येतो, ते सोनाबाईंना विचारू लागल्या.